प्रश्न नववा, उत्तर निरंक

जंगलातून काय आणता, असं आमच्या गावात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. काय नाय. डोक्यावर मोळी असली तरी काय नाय. खांद्यावर ऐनाच्या फांद्या, हातात कोयता, घामानं पाला पाठीला चिकटलेला, आणि तोंडानं काय नाय. लहानपणी हे मीही म्हटलंय. आई मला फाटी, म्हणजे सरपण, आणायला डोंगरावर न्यायची तेव्हा घरातून निघतानाच पढवायची. "गार्ड भेटला नि विचारलं तर काय सांगशील?" "शेतात चाललो." "आनि येताना भेटला तर?" "शेतातून आलो." "आनि फाट्यांचं विचारलं तर?" "कुंपनाची हाईत." एवढं न अडखळता आलं की मी पास.

गार्डला काय डोळे नव्हते? तो आमच्याच ओट्यावर चहा प्यायचा. समोर मोळ्या रचलेल्या असायच्या. तरी विचारायचा, "काय मग, जंगलात जातं का कोण?" बाबा म्हणायचे, "नाय साहेब, कोन जातंय!" दोघांचेही चेहरे असे गंभीर की बघणाऱ्याला वाटावं, इथे कोणी पानसुद्धा तोडत नसेल. वरून मोठा साहेब येणार असला की मात्र गार्डला चार कोयते जप्त करून दाखवावे लागायचे. मग आठवड्यानं बाबा त्याच्याकडे एक कोंबडी घेऊन जायचे आणि कोयता घरी यायचा. कोणाचं कोणाशी वाकडं नव्हतं. असंच पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं.

ह्या एका खोट्यावर आमचं गाव जगलं. आणि ते खोटं कोऱ्या करकरीत सरकारी कागदावर उतरवलं कोणी? तर मी. वळणदार अक्षरात, एका दिवसात, चाळीसएक घरांचं. आज त्याची आठवण झाली तरी डोक्यात तिडीक जाते.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरांत आहे. मी लग्नापासून वाशिंदला राहते आणि कल्याणच्या एका शाळेत लिपिक आहे. गावी बाबा, भाऊ आणि वहिनी. आई जाऊन काही वर्षं झाली. घरामागून डोंगराची उतरण सुरू होते, आणि ह्या उतरणीचंच सगळं रामायण आहे, म्हणून आधी ती नीट सांगते.

आमच्याकडे भाताचं रोप नुसतं बी फेकून करत नाहीत. आधी राब भाजावा लागतो. थंडी सरताना ऐनाच्या फांद्या तोडून आणायच्या, वाळवायच्या, आणि उन्हाळ्यात रोपाच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर लावून वर बारीक माती पसरायची. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूनं विस्तव लावायचा. तो भडकता कामा नये. आतल्या आत, दमानं जळत जायला हवा. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आणि पुढे रोप असं दाट आणि हिरवं येतं की उपटताना मुळं सोडवत बसावं लागत नाही. शेतकी खात्याचे लोक येऊन सांगून गेले की राब भाजू नका, अमुक करा, तमुक करा. बाबांनी एका वर्षी एका तुकड्यावर ऐकूनही बघितलं. त्या तुकड्यात तणच तण. वहिनीच्या बोटांची सालं निघाली.

तर त्या फांद्या येतात उतरणीवरून. कागदावर उतरण सरकारची. पण गावात प्रत्येक घराचे ऐन ठरलेले आहेत. कोणतं झाड कोणाचं हे कुठेही लिहिलेलं नाही आणि कोणी कोणाच्या झाडाला हात लावत नाही. तोडायचेही कायदे आहेत. शेंड्याला कोयता लावायचा नाही. एका वर्षी एका बाजूच्या फांद्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या. पक्ष्याचं घरटं असलेली फांदी सोडायची. त्यामुळे आमचे ऐन दिसायला अगदी कुरूप, खराटे उलटे उभे केल्यासारखे. पण बाबांच्या आजोबांनी तोडलेली झाडं अजून उभी आहेत आणि दरवर्षी पालवतात.

राष्ट्रीय उद्यान होणार ही बातमी गावात आली तेव्हा सुरुवातीला कोणी मनावरच घेतलं नाही. मग हळूहळू ज्याला जे हवं ते त्यानं त्यात बघायला सुरुवात केली. माझा चुलतभाऊ, ज्यानं मुरबाड रस्त्याला तंबू लावून शनिवार-रविवार पाहुणे ठेवायचा धंदा काढलाय, तो नुसता हवेत. "ताई, जीपा येतील, गाईड लागतील, पोरं घरी बसायची नाय." म्हातारी माणसं म्हणत होती, "वाघ आनून सोडनार बघ, मंग गुरं कुठं चारायची?" शेजारची काकू एकच धरून बसली होती, "फाटी आनू देतील का नाय, तेवढं विचार गो कोनाला तरी." तिच्या घरी गॅसचा सिलिंडर आहे, पण तो पाहुणा आला की चहापुरता.

आणि वाशिंदला आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कोण आनंद! समोरची बाई मला म्हणाली, "तुमच्या गावाजवळ नॅशनल पार्क? किती लकी आहात हो! शुद्ध हवा!" मी म्हटलं, "हवा आधीपासून शुद्धच आहे." तिला ते टोचलं असावं, कारण नंतर दोन दिवस ती माझ्याशी लिफ्टमध्ये बोलली नाही.

खरं सांगायचं तर मी उद्यानाच्या विरोधात नव्हते. आजही नाही. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या बाजूचे दोन डोंगर जेसीबीनं कापले गेले. वर बंगले झाले, पोहण्याचे तलाव झाले, फाटकावर कुत्र्यापासून सावधानच्या पाट्या लागल्या. जंगल राखायला कोणी येत असेल तर येऊ देत बाबा, असंच मला वाटत होतं. बाबाही तेच म्हणायचे. "राखायचं तर राखा की. आमी काय आजवर खाल्लं का जंगल?" त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की उतरण आमच्याकडे राहू द्या, तिच्या वरचा सगळा डोंगर घ्या. आणि गंमत म्हणजे सरकारही वेगळं काही म्हणत नव्हतं. जिथे गावाचा वापर आहे तो भाग वगळून रेषा आखू, असं पहिल्याच सभेत सांगितलं होतं. वापर आहे हे कळावं म्हणून तर सर्वेक्षण होतं.

सर्वेक्षणाला एक मुलगी आली, पुण्याकडची, टोपी घातलेली, घामाघूम. बिचारी घरोघर जाऊन विचारत होती आणि बायका दार पुढे करून "मानसं घरी नाईत" म्हणत होत्या. तो रविवार होता, मी गावी आलेली. सरपंच म्हणाले, "ताई, तुमी लिहा-वाचायच्या कामातल्या, तुमी बसा हिच्याबरोबर." मला बरंच वाटलं. माहेरी आपला उपयोग होतोय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? मी पदर खोचला आणि फॉर्म हातात घेतले.

नववा प्रश्न होता: जंगलातून मिळणाऱ्या वस्तू. खाली यादी. सरपण, चारा, पालापाचोळा, फांद्या, मोह, कंद, मध, इतर. पुढे खूण करायची आणि किती ते लिहायचं.

पहिलंच घर काकूचं. काकू ओट्यावर बसलेली, मागे भिंतीला सकाळी आणलेली मोळी टेकवलेली, दोरी अजून सोडलेली नाही. मी विचारलं, "काकू, जंगलातून काय काय आणता?"

"काय नाय."

मी मोळीकडे बघितलं. काकूनं माझ्याकडे बघितलं. टोपीवाल्या मुलीनंही मोळीकडे बघितलं, पण तिला ते कुंपणाचं वाटलं असेल किंवा ऊन लागलं असेल, ती काही बोलली नाही. मी हळूच म्हटलं, "काकू, ही गार्ड नाय. हे आपल्याच फायद्याचं हाय." काकूनं आवाज खाली आणला, "सरकारी कागद हाय ना? मंग? तुझी आय काय शिकवून गेली तुला?"

मी तिथेच हट्ट धरायला हवा होता. टोपीवालीला बाजूला बसवून, गाव गोळा करून, ओरडून सांगायला हवं होतं. पण मला काय झालं कोण जाणे. आई आठवली, गार्ड आठवला, आणि मलाही आतून वाटलं, जाऊ दे, कशाला उगाच कबूल करा. उद्या हेच कागद दाखवून कोणी दंड मारला तर? शाळेत मी रोज कसले ना कसले तक्ते भरते. गळती किती, तक्रारी किती, अपघात किती. ज्या रकान्यानं पुढे त्रास होईल त्यात लिहायचा एक शब्द ठरलेला आहे: निरंक. लिहिला की प्रश्न मिटतो, कोणी परत विचारत नाही. मी काकूच्या फॉर्मवर लिहिलं, निरंक. पुढच्या घरी विचारलं, तिथेही काय नाय, लिहिलं निरंक. पाचव्या-सहाव्या घरानंतर तर मी विचारणंही सोडलं. बाबांच्या फॉर्मवर लिहिताना तेवढी थांबले. बाबा म्हणाले, "लिव लिव, सगळ्यांचं तेच आपलं." संध्याकाळी मुलीनं फॉर्म मोजून पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे किती पटकन झालं!" शेवटच्या पानावर, माहिती भरणाऱ्याची सही, तिथे मी प्रत्येक फॉर्मवर सही केली होती.

वर्षभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. हिरवा रंग, लाल रेषा. लोकांना नकाशा कळेना म्हणून भावानं मला फोन केला, मी सुट्टी टाकून गेले. रेषेवर बोट ठेवून तिच्यामागे गेले. रेषा आमच्या गोठ्याच्या मागून गेली होती. अख्खी उतरण आत. गावातल्या सगळ्या घरांचे सगळे ऐन आत. आणि पुढे तीच रेषा त्या बंगलेवाल्यांपाशी आली की छान वळसा घालून वर चढत होती, कारण त्यांनी कागद दिले होते, अर्ज दिले होते, वकील दिले होते. कापलेले डोंगर बाहेर आणि राखलेली उतरण आत! मी तिथेच बडबडायला लागले. बाजूला उभ्या शिपायाला म्हटलं, "अहो, हे कोणी आखलं?" तो म्हणाला, "सर्वेक्षणावरून आखलंय, मॅडम. तुमच्या गावाचा वापर निरंक आहे." माझाच शब्द माझ्या तोंडावर.

हरकत घ्यायला मुदत होती. मी अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि शहापूरला सुनावणीची तारीख लागली. आता प्रत्येक घरच्या कर्त्यानं समोर उभं राहून तोंडानं सांगायचं होतं, आम्ही काय आणतो आणि कुठून आणतो. ऐकायला सोपं. पण ज्यांनी जन्मभर काय नाय म्हटलं त्यांना गार्डच्या देखत "आणतो" म्हणायला लावणं म्हणजे काय दिव्य असतं ते मला विचारा! मी तीन रविवार गावी गेले. बाबांना ओट्यावर बसवायची आणि साहेब होऊन विचारायची.

"बाबा, जंगलातून काय आणता?"

"काय नाय."

"बाबा!"

"तसं नाय गो. तोंडात तेच येतं, मी काय करू?"

मी चिडायची, ते हसायचे. वहिनी आतून म्हणायची, "ताई, त्यांना आधी चहा द्या, मंग बोलतील." दुसऱ्या रविवारी मला काय सुचलं, मी म्हटलं, "बरं, मला सांगू नका, झाडं तरी दाखवा." गुडघे दुखत असताना ते मला उतरणीवर घेऊन गेले, आणि मग त्यांचं तोंड जे सुटलं ते सुटलं. हा ऐन तुझ्या आजोबांचा. ह्याच्यावर वीज पडली होती, आमी दोन वर्षं सोडला तेव्हा सुधारला. ह्या फांदीला हात नाय लावायचा, हिच्यात पोपट असतात. ही बाजू औंदा, ती बाजू पुढच्या साली. मी वहीत लिहीत होते. एकेका घराची झाडं त्यांनी बोटं दाखवून सांगितली. मला एवढा राग आला की विचारू नका. इतकं सगळं डोक्यात आहे आणि बाहेरच्या माणसासमोर दोन शब्द! मी तसं बोललेसुद्धा, "हे त्या मुलीला सांगितलं असतं तर?" बाबा म्हणाले, "तेव्हा कोनी असं झाडाखाली उभं राहून विचारलं?"

तिसऱ्या रविवारी त्यांना आलं. "साहेब, मी राबासाठी ऐन तोडतो. माझा बाप तोडायचा. शेंडा ठेवतो. उतरन गेली तर आमचं रोप होनार नाय." अगदी ठणठणीत. गावातले इतर कर्तेही समोर बसून ऐकत होते, कोणी दुरुस्ती करत होतं, कोणी चिडवत होतं, "काका, साहेबासमोर असंच बोला, नायतर तिथं जाऊन चहाच मागाल." ठरलं असं की बाबा सगळ्यांत वयस्क, त्यांनी पहिलं बोलायचं, मग त्यांच्यामागून सगळ्यांनी.

सुनावणीला आम्ही दोन टेम्पो भरून शहापूरला गेलो. हॉलमध्ये पंखे गरगरत होते. अधिकारी मधल्या वयाचे, चष्म्यावरून बघणारे, बोलायला सौम्य. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. दाराजवळ गार्ड उभा होता, नवा, आमच्याच बाजूचा पोरगा. काकू त्याला बघून पदर सावरून बसली. बाबांचं नाव पुकारलं. मी शेजारी उभी राहिले, आधाराला म्हणून.

अधिकाऱ्यांनी फाइलमधून फॉर्म काढला. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं.

"बाबा, तुम्ही हरकत घेतलीय की उतरणीवर तुमचा वापर आहे. पण सर्वेक्षणात तर तुम्हीच लिहून दिलंय, वापर निरंक. आता यातलं खरं काय धरू?"

बाबांनी घसा खाकरला. "साहेब, मी राबासाठी..."

"एक मिनिट. आधी हे ऐका, मग बोला." त्यांनी फॉर्मच्या तळाशी छापलेल्या ओळी वाचून दाखवल्या. माहिती खोटी आढळल्यास माहिती देणारा व भरणारा दोघेही जबाबदार. मग विचारलं, "ही सही कोणाची?"

मी म्हटलं, "माझी."

"सगळ्या फॉर्मवर तुमचीच दिसतेय. काय करता?"

"शाळेत लिपिक आहे."

"सरकारी अनुदानित?"

"हो."

त्यांनी ते लिहून घेतलं. धमकावल्यासारखं नाही, नुसतं लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा बाबा, फॉर्म चुकीचा असेल तर तसं सांगा, मी नोंद घेईन. मग ताईंना खुलासा द्यावा लागेल, शाळेकडेही कळवावं लागेल. फॉर्म बरोबर असेल तर विषय इथेच संपला. बोला."

आता मी खरं सांगते, कारण इतकं लिहून इथे खोटं बोलायचं असेल तर लिहायलाच नको होतं. खुलासा म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये मला सोडून गावातल्या कोणालाच नीट माहीत नव्हतं. एक पानभर लिहायचं, चूक मान्य करायची. फार तर मुख्याध्यापकांचे चार शब्द, सेवापुस्तकात एक शेरा, पगारवाढ अडेल. फाशी नाही. मी तिथल्या तिथे म्हणू शकत होते, "साहेब, देते खुलासा, लिहा." चार शब्द. बाबांना पढवताना मी किती ओरडले होते त्यांच्यावर! आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा? शाळा डोळ्यांसमोर आली, संस्थाचालक आले, शेरा आला. मी फॉर्मकडे बघत राहिले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "फॉर्म बराबर हाय साहेब. आमी काय नाय आनत."

मला वाटलं, झालं, भ्याले. गार्ड बघितला आणि जन्माची सवय तोंडात आली. इतका संताप आला की त्यांचा दंड धरून हलवावंसं वाटलं. पुढचं नाव पुकारलं. काकूचा मुलगा कामावर असतो म्हणून काकू उठली. तिला तर मी म्हटलेलं सगळं पाठ होतं. ती अधिकाऱ्यांसमोर गेली, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फॉर्म बराबर हाय. आमच्याकडं गॅस हाय."

तेव्हा मला कळलं. आणि कळूनही मी हलले नाही.

मग एकामागून एक. ज्यांच्या झाडांची वही माझ्या पर्समध्ये होती ते सगळे उठले, पुढे गेले, आणि म्हणाले, फॉर्म बराबर हाय. चुलतभाऊ, जो उद्यान हवंच म्हणत होता पण उतरण सोडून, तोही म्हणाला. कोणी अडखळलं नाही. कोणी माझ्याकडे रागानं बघितलं नाही. अधिकारी प्रत्येक वेळी विचारत होते, "नक्की ना?" शेवटी त्यांनीही पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसला. तासाभरात हॉल रिकामा झाला.

बाहेर वडापावच्या गाडीपाशी सगळे जमले होते आणि हसतखेळत चहा पीत होते, कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होते. मला वाटत होतं कोणीतरी शिव्या घालाव्यात. एकानंही विषय काढला नाही. काकूनं माझ्या हातात कप दिला आणि म्हणाली, "पी गो, तोंड बघ कसं झालंय."

आठ दिवस मी झोपेच्या नावानं नुसती कुशी बदलत होते. नवव्या दिवशी अर्धी रजा टाकली, खुलासा लिहिला, सगळा खराखुरा, वहीतल्या झाडांची यादी जोडली आणि शहापूरला नेऊन दिला. कारकुनानं वाचला. माणूस चांगला होता, त्यानं पुन्हा वाचला. "मॅडम, हे मी आवक करून घेतो. शाळेला पत्रही जाईल, ते जाणारच. पण याचा उपयोग नाही होणार. अख्ख्या गावानं साहेबांसमोर सांगितलंय की वापर नाही. तुम्ही एकट्या म्हणताय आहे. आणि तुम्ही तर तिथे राहतही नाही." मी म्हटलं, "पण ते माझ्यासाठी खोटं बोलले!" तो म्हणाला, "असं नोंदीत कुठे लिहू?" त्यानं शिक्का मारून पोच दिली.

त्याच संध्याकाळी मी गावी गेले. बाबा गोठ्यात होते. मी त्यांना सगळं सांगितलं, खुलासा दिला, शाळेला पत्र जाणार, पण रेषा काही हलणार नाही. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल, पोरीनं उशिरा का होईना पण सांगितलं. बाबा माझ्यावर आयुष्यात कधी ओरडले नव्हते. मी फॉर्म भरून उतरण घालवली तेव्हाही नाही. त्या दिवशी त्यांनी हातातली गवताची पेंढी खाली टाकली आणि वहिनी बाहेर येईल एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"डोंगर गेला तो गेला, आनि आता तुझं पन घालवलंस? मंग आमी सगळ्यांनी तिथं जाऊन तोंडं मिटली ती कशाला गो?"